दाव्यास कारण केव्हा घडले?

बडोद्यास आम्ही वकील मंडळी दिवाणी दावा लावतो, तेव्हा दाव्यास कारण केव्हा घडले हे लिहिल्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. गोमंतकाच्या मुक्तीसंबंधी अमेरिका व ब्रिटनमधील अनेक पत्रांनी ही तारीख १८ डिसेंबर १९६१ अशी घातली आणि भारतास आक्रमक ठरविले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर झाडलेल्या गोळ्या? १५६० साली कुशस्थळी सोडून प्रियोळास न्यावा लागलेला श्रीमंगेश? ते सारे, म्हणे, मुदतबाह्य!

आणि परकी फौज गेली कशी? मरेपर्यंत लढा, हा सालाझारचा हुकूम न मानता शरण आलेले तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत आपल्या छावण्यांत होते. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांना तर त्यांच्याच सरकारने पुढे बडतर्फ केले. चढाईचे तास मोजणाऱ्या बातमीदारांनी हे पाच महिने कितीसे मोजले? २०२१ च्या ऑगस्टात काबूलच्या धावपट्टीवर खिळलेले कॅमेरेही त्याच जातीचे : शेवटचे विमान उडाले आणि प्रेक्षक उठले.

३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने खुद्द पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मग ‘आक्रमणा’च्या त्या अग्रलेखांची दुरुस्ती कोणत्या अंकात छापली, तेवढे संपादकांनी सांगावे.