ऐकू येते, मग तपासायचे कशाला?

डोळे आपण डॉक्टरांकडून तपासून घेतो, कान मात्र हाक मारून. मागून हाक मारली आणि माणसाने वळून पाहिले, की कान शाबूत! मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरातील असो वा आपल्याकडील एखाद्या बंदरातील, वर्षानुवर्षे डिझेल इंजिनाशेजारी काढणाऱ्या खलाशाला ही कसोटी हमखास फसवते.

सततच्या मोठ्या आवाजाने श्रवणशक्ती प्रथम बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास घटते. हाकेतील जाड स्वर खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही तक्रार तेथूनच सुरू होते. जाळे फाटले तर सांधता येते; अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

खरी मोजणी ऑडिओमीटरने होते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि ऐकू आलेला सर्वांत हळू सूर डेसिबलमध्ये नोंदवून प्रत्येक कानाचा आलेख काढतात. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. कानामागच्या हाडावर यंत्र टेकवले, की दोष मधल्या कानात आहे की आतल्या, तेही समजते. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना 1983) ही सोय आहे.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा 1948 च्या कारखाने कायद्यातील रोगांच्या यादीत आला. पण होडी म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे खलाशी बाहेरच राहिला. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांनीच पुढाकार घ्यावा आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना दरवर्षी ही तपासणी करवावी. इंजिनाच्या आवाजाने कान तात्पुरता बधिर होतो. चाचणीपूर्वी 14 ते 16 तास विश्रांती न मिळाल्यास आलेख चुकतो. बंदीच्या काळात ती आपोआप मिळते. मात्र समाजमंदिराच्या गोंगाटात उरकलेले शिबिर निरुपयोगी. प्रत्येकाने आपला आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल.

तोवर एवढे ध्यानात ठेवावे : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. इंजिनाजवळ काम करताना कानात चांगले इअरप्लग घालावेत. कापसाचा बोळा पुरत नाही.