घरगुती हस्तव्यवसाय : दुपदरी कातडी पट्टा

धोतराला पट्टा लागत नाहीं. निऱ्या खोंचल्या, कासोटा घातला, कीं काम झालें. त्यामुळें चामडी कंबरपट्टा ही वस्तु आपल्या घरांत पाटलोणीबरोबर, म्हणजे बरीच उशिरां आली. त्यापूर्वीं पट्टा असे तो शिपायाचा, नाहीं तर कचेरींतील चपराशाचा. पितळी बिल्ला मिरविणाऱ्या त्या पट्ट्यावरूनच ‘पट्टेवाला’ हा शब्द मराठींत रूढ झाला. आज मात्र आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत घरांतील प्रत्येकाला पट्टा हवा असतो. आणि मोठ्या कुटुंबांत वर्षाकांठीं दोन-चार पट्टे तरी तुटून केरांत जातात, हेंहि कोणा गृहिणीस सांगावयास नको.

बाजारी पट्टा इतक्या लवकर कां तुटतो? वरून चकचकीत दिसणारा पुष्कळसा माल म्हणजे कातड्याचा चुरा चिकट द्रव्यांत कालवून दाबलेला तक्ता असतो, अथवा कातडें आडवें चिरून निघालेला खालचा विरळ थर असतो. आणि त्यावर रंगाचें पातळ पांघरूण घातलेलें असतें. असा पट्टा प्रथम भोकांपाशीं फाटतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे अस्सल कातड्याच्या दोन पट्ट्या एकमेकींस जोडून हातानें शिवलेला दुपदरी पट्टा. तो घरीं करतां येतो. त्यास यंत्र लागत नाहीं. थोडीं हत्यारें, सुटीचे दोन दिवस आणि धीर एवढें पुरे.

परंतु कामास हात घालण्यापूर्वीं मनांतील अडचण दूर केली पाहिजे. कातड्याचें काम घरांत करावयाचें म्हटलें कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. त्यांना नम्रपणें विचारावें कीं, मुंजींत बटूच्या कमरेस जी तिपदरी मेखला बांधतात, ती पट्टा नव्हे तर काय? मुंज गवताच्या त्या मेखलेवरूनच मौंजीबंधन हें नांव पडलें. त्याच विधींत अजिन, म्हणजे हरणाचें कातडें, बटूस देतात. देवापुढील कीर्तनांत मृदंग आणि तबला वाजतो, त्याची पुडी कातड्याचीच. तेव्हां कातडें आपणांस कधींच वर्ज्य नव्हतें. वर्ज्य मानला तो तें कमावणारा आणि शिवणारा मनुष्य! वस्तूला देवघरापर्यंत वाट आणि कर्त्याला अंगणाबाहेर उभें करणें, हा न्याय आपण पिढ्यान् पिढ्या चालविला.

हा न्याय ज्यांनीं स्वतःच्या हातांनीं मोडला, ते कोंकणचेच. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे सुशिक्षित ब्राह्मण घरांतले. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां मैला साफ करण्याचें काम आपणांस मिळावें, असा आग्रह त्यांनीं धरला आणि त्यासाठीं अन्नसत्याग्रह आरंभिला. येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनीं त्या डिसेंबरांत त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपवास सुरू केला होता. पुढें १९४८ सालीं आप्पासाहेबांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. कणकवली तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतच होती. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ सालीं. मेलेल्या जनावराचें कातडें सोलणें आणि तें कमावणें हीं कामें त्यांनीं तेथें स्वतः केलीं व इतरांकडून करविलीं. त्या मानानें आपण आज करणार तें काम अगदींच सोपें आहे. कमावलेलें कातडें आपणांस आयतेंच मिळतें.

आतां साहित्याकडे वळूं. डोळ्यांपुढें आपण राजापूर तालुक्यांतील नाटे गांव ठेवूं. कारण यशवंतगडाच्या पायथ्याचें हें खाडीकांठचें गांव पट्ट्याची खरी परीक्षा घेणारें आहे. एकीकडे समुद्राची खारी हवा, दुसरीकडे चार महिन्यांचा मुसळधार पाऊस. येथें टिकला तो पट्टा देशावर सहज टिकेल.

कातडें दोन रीतींनीं कमावतात. जुनी रीत झाडपाल्याची : हिरडा, बाभळीची साल, ऐनाची साल यांतील तुरट द्रव्य कातड्यांत मुरवावयाचें. कोल्हापुरी चपलेचें कातडें असेंच कमावलेलें असतें. त्या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. दुसरी रीत क्रोम क्षारांची. तिचें पेटंट न्यूयॉर्क येथील ऑगस्टस शुल्ट्झ यांनीं १८८४ सालीं घेतलें. क्रोमचें कातडें मऊ व लवचीक असतें, परंतु पट्ट्यास झाडपाल्याचेंच घ्यावें; तें घट्ट असतें, कमी ताणतें आणि त्याची कड घासून गुळगुळीत करतां येते. ओळखण्यासाठीं कापलेली कड पाहावी. आंतपर्यंत तपकिरी असली तर बहुधा सालींनीं कमावलेलें. आंत निळसर करडी झांक दिसली तर क्रोमचें. तुरट द्रव्याचा हा गुण किनाऱ्यावरील मच्छीमारांस पूर्वींपासून ठाऊक होता. नायलॉन येण्यापूर्वीं सुती जाळीं कुजूं नयेत म्हणून तीं सालींच्या काढ्यांत भिजवीत असत.

कातडें जनावराच्या पाठीचें, कण्याच्या रेषेंत लांबीला कापलेलें मागावें. पोटाकडचें कातडें सैल असतें, तें महिन्याभरांत लांबतें. म्हशीचें कातडें जाड व चिवट म्हणून पट्ट्यास उत्तम. (महाराष्ट्रांत २०१५ पासून गोवंशहत्याबंदी बैलांसहि लागू आहे.) बाहेरची पट्टी सुमारें एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाड असावी आणि आंतली अर्धा सूत. बक्कल पितळेचें घ्यावें. याचें कारण जुन्या वाचकांस चटकन् पटेल. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले पूर्वज करीत. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आलें कीं काळें होतें. तेव्हां लोखंडी बक्कल दमट हवेंत ओलसर कातड्यावर काळे डाग पाडणारच. हत्यारांत धारदार रापी, आरी, पोलादी पट्टी, गोल तोंडाचा पंच, बोथट टोंकाच्या दोन सुया, जाड तागी दोरा, मधमाशांचें मेण आणि काचकागद एवढीं जमवावीं.

माप कमरेवरून घेऊं नये. वापरांतल्या पट्ट्यावरून घ्यावें. बक्कलाच्या घडीपासून नेहमींच्या भोकापर्यंत अंतर मोजावें. समजा तें ३४ इंच भरलें. त्यांत बक्कलाभोंवतीं वळविण्यास ३ इंच आणि भोकापुढील शेपटास ६ इंच मिळवावे, म्हणजे बाहेरची पट्टी ४३ इंच झाली. रुंदी बक्कलाच्या आंतील मापाइतकी, बहुधा सव्वा ते दीड इंच. आंतली पट्टी ३९ इंच पुरते, कारण घडीच्या जागीं ती घ्यावयाची नाहीं. मात्र रुंदीस ती एक सूत जास्त ठेवावी. रापी एकदांच जोरानें न चालवितां पट्टीच्या कडेनें दोन-तीन वेळां हलक्या हातानें ओढावी, आणि दुसरा हात रापीच्या वाटेंत कधींहि ठेवूं नये. कापण्याचें काम मुलांकडे देऊं नये.

बाहेरच्या पट्टीच्या टोंकापासून ३ इंचांवर घडीची खूण करावी. त्या खुणेच्या मधोमध बक्कलाच्या कांट्यासाठीं इंचभर लांब खांच पाडावी. खांचेचीं दोन्ही टोंकें पंचानें गोल केलीं म्हणजे ती पुढें चिरत जात नाहीं. घडीपासून टोंकापर्यंतचा भाग आंतल्या बाजूनें रापीनें खरवडून पातळ करावा, तसेंच आंतल्या पट्टीचें त्या बाजूस येणारें टोंकहि. हीं दोन पातळ टोंकें एकमेकांवर अर्धा इंच चढलीं पाहिजेत. नाहीं तर तेथें उंचवटा येऊन पोटास बोंचेल.

पुढें चिकटविणें. दोन्ही पट्ट्यांच्या मांसाकडच्या खरबरीत बाजू एकमेकींवर येतील अशा ठेवाव्या, म्हणजे गुळगुळीत बाजू बाहेर व कपड्याकडे राहतात. दोन्हीं अंगांस रबरी सोल्यूशन पातळ लावावें, हातास चिकटेनासें झालें कीं दाबून जोडावें. हें काम खिडक्या उघड्या ठेवून आणि चुलीपासून दूर करावें, कारण त्याची वाफ पेट घेते. येथें एक मर्म आहे. पट्ट्या पाटावर सपाट ठेवून चिकटविल्या, तर कमरेस वळतांना आंतल्या पदरास चुण्या पडतात. वळणाच्या आंतली बाजू नेहमींच थोडी आंखूड असते. म्हणून बाहेरची पट्टी कमरेच्या वळणानें वांकवून धरावी आणि आंतली पट्टी बक्कलाच्या बाजूनें आरंभ करून थोडथोडी दाबीत न्यावी. टोंकाशीं जो जास्तीचा भाग उरेल तो व कडेचा सूतभर भाग शेवटीं कापून टाकावा.

शिवण हा पट्ट्याचा प्राण होय. कडेपासून एक सूत आंत रेघ आंखून तिच्यावर इंचाला सहा याप्रमाणें खुणा कराव्या आणि आरीनें सरळ भोकें पाडावीं. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा. एका कडेस सुमारें दोन वाव दोरा लागतो. तो मेणावरून ओढावा आणि दोन्ही टोंकांस एकेक सुई ओंवावी. पहिल्या भोकांतून दोरा निम्मा ओढून घ्यावा. मग प्रत्येक भोकांत एक सुई उजवीकडून व दुसरी डावीकडून घालून दोन्ही टोंकें सारख्या ताणानें ओढावीं. शेवटीं दोन-तीन टांके उलट मारून दोरा कापावा. यंत्राच्या शिवणींत वरचा व खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात. एक तुटला कीं शिवण उसवूं लागते. या हातशिवणींत प्रत्येक भोकांतून दोन्ही दोरे आरपार गेलेले असतात. एक झिजून तुटला तरी दुसरा धरून राहतो.

बक्कलाकडची घडी शिवतांना तिच्या आंत शेपूट अडकविण्याची लहान कातडी कडी बसविण्यास विसरूं नये. पट्ट्याची शेपटी तींतून सहज सरकली पाहिजे. भोकें पांच पाडावीं, एकेक इंचाच्या अंतरानें, आणि मोजलेलें ३४ इंचांचें भोक मधलें असावें. म्हणजे मनुष्य वाळो वा सुटो, दोन्हीकडे दोन दोन भोकें शिल्लक राहतात. भोकें पंचानेंच पाडावीं. चाकूनें पाडलेली चीर पुढें फाटत जाते. शेवटीं कडा काचकागदानें समान कराव्या, किंचित् ओल्या करून जाड फडक्यानें तापेपर्यंत घासाव्या, आणि वर मेण द्यावें. नीट झालेल्या कडेवरून नख फिरविलें तरी दोन पदरांतील सांधा लागत नाहीं.

पावसाळ्यांत पट्टा भिजला तर तो पुसून सावलींत, वाऱ्यावर टांगावा. चुलीजवळ अथवा कडक उन्हांत वाळविला तर कातडें कडक होऊन तडकतें. वर्षांतून दोनदां एरंडेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन चोळावे. अधिक तेलानें कातडें सैल होतें. बुरशी आली तर घाबरूं नये. कोरड्या फडक्यानें घराबाहेर पुसून काढावी व पट्टा बंद पेटींत न ठेवतां खुंटीवर ठेवावा. पितळेवर हिरवट थर दिसला तर तोहि वेळींच पुसावा. असा सांभाळलेला पट्टा मुलगा बापाकडून घेऊन वापरूं शकतो. दोरा झिजला तर नवी शिवण घालतां येते.

शेवटीं खर्चाची गोष्ट. पहिल्या पट्ट्यास सारा दिवस, कदाचित् दोन दिवस लागतील; बोटें दुखतील; एका कडेच्या दोनशेंहून अधिक टांक्यांत चार वांकडे पडतील. त्यानंतर गांवांतील चर्मकार बंधूंकडे चपलेचा टांका घालावयास जाल, तेव्हां ते सांगतील त्या मजुरींत घासाघीस करण्याचा धीर होणार नाहीं. हाच या उद्योगाचा मोठा लाभ होय. पहिल्याच प्रयत्नास बसण्यापूर्वीं त्यांच्याकडून आरी कशी धरावी हें मुलामुलींस शिकवून घ्यावें, त्या शिकवणीचें रीतसर मोल द्यावें, आणि ते घरीं आले तर बसावयास ओसरीवर नव्हे, माजघरांत पाट द्यावा.