पानिपत जिंकले असते तर?

मराठी मनात एक प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षे घर करून राहिला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? अहमदशहा अब्दाली त्या दिवशी हरला असता तर? हा पराभव आपल्या भाषेनेही जपून ठेवला आहे. एखाद्या कामाचा पुरता विचका झाला की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो, आणि भरवसा उरला नाही की ‘विश्वास पानिपतावर गेला’ असे म्हणून मोकळे होतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारख्या वैज्ञानिकालाही या प्रश्नाचा मोह पडला. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेत ती गोळी विश्वासरावांना लागत नाही, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास निराळाच घडतो.

‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ असे शाळेपासून आपल्याला सांगितले जाते. हे मत मला पूर्णपणे पटत नाही. ‘रसद तुटली म्हणून मराठे हरले’ असे म्हणताना ‘रसद तुटली नसती तर कदाचित हरले नसते’ हेही आपण न बोलता म्हणतच असतो. कारण सांगणे म्हणजे एका अर्थी जर-तर करणेच होय. म्हणून हा प्रश्न वर्गाबाहेर घालवून चालणार नाही. तो कसा विचारावा, हे मात्र शिकले पाहिजे.

प्रथम गोळीचाच विचार करू. ती चुकली असती, तर लढाईचा त्या दिवसाचा निकाल कदाचित बदललाही असता. पण सैन्याच्या पोटात अन्न आले असते काय? ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीकडची वाट रोखली. त्यानंतर सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली. रसद पोहोचवू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढवय्यांबरोबर बायका, मुले, यात्रेकरू, व्यापारी आणि सेवेकरी यांचा मोठा समुदाय होता आणि त्या सर्वांची भूक एकाच कोठारावर होती. पैशांची चणचण तर आधीपासूनच होती. दिल्लीच्या किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून त्याचे रुपये पाडण्याची पाळी भाऊसाहेबांवर आली होती. १४ जानेवारीला सैन्य बाहेर पडले ते उपासमारीतून वाट काढण्यासाठी. एका गोळीची दिशा बदलून या गोष्टी बदलत नाहीत.

आता उलट बाजू पाहू. ज्याने लढाई जिंकली त्याला काय मिळाले? काही महिन्यांतच अब्दाली परत फिरला. दिल्ली त्याला राखता आली नाही, आणि पंजाबात शिखांनी त्याला कधी स्वस्थ बसू दिले नाही. मराठ्यांची हानी भयंकर होती. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जून महिन्यात वारले. तरीही थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत मराठे पुन्हा उत्तरेत उतरले आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवले. म्हणजे जेत्याने फारसे मिळवले नाही आणि जे हरले ते अकरा वर्षांत परत आले. मग पानिपतने हिंदुस्थानचे भवितव्य ठरवले, असे आपण कशाच्या आधारे म्हणतो?

त्याच आठवड्यात दूर दक्षिणेत एक घटना घडत होती. पानिपतनंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारी १७६१ रोजी, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि हिंदुस्थानातील फ्रेंच सत्तेचा कणा मोडला. बंगालमध्ये १७५७ साली प्लासी होऊन गेली होती. १७६४ साली बक्सार झाली आणि १७६५ साली बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी कंपनीला मिळाली. पानिपत आपल्याला आठवते कारण तिथे आपली माणसे पडली. पाँडिचेरी आठवत नाही. पण पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा धागा पाँडिचेरीपाशी अधिक सापडतो.

म्हणून ‘जर’ हा शब्द वापरायचाच असेल, तर तो योगायोगावर खर्च न करता निर्णयावर खर्च करावा. जो पर्याय त्या काळच्या माणसांपुढे खरोखर उभा होता आणि जो त्यांनी जाणूनबुजून नाकारला, तिथे हा प्रश्न फळाला येतो. असा एक पर्याय पानिपतच्या मोहिमेतच होता. बायकामुले आणि जड सरंजाम मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून हलक्या फौजेनिशी लढावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता. तो मानला गेला नाही आणि पुढे सूरजमल मोहिमेतून बाजूला झाला. पराभवानंतर जीव मुठीत धरून आलेल्या मराठ्यांना याच सूरजमलने आपल्या मुलखात अन्न, वस्त्र आणि आसरा दिला.

दुसरा पर्याय त्याही आधीचा आहे आणि माझ्या मते तो पानिपतहून मोठा आहे. पश्चिम किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार इंग्रजांना डोईजड झाले होते. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर होते. ते मिटवण्याऐवजी पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. त्या मोहिमेचे इंग्रज सेनानी होते वॉटसन आणि क्लाइव्ह. पुढे सतरा महिन्यांच्या आत हेच दोघे बंगालमध्ये होते आणि प्लासी घडली होती. घरच्या भांडणात परक्याला बोलावले नसते तर? या प्रश्नात चमत्कार नाही, दैव नाही. तो निर्णय पुण्यात झाला होता आणि वेगळा होऊ शकला असता.

इथवर आपण सिंहासनांचा हिशेब मांडला. पण आपल्यासारख्यांनी, ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. पानिपत जिंकले असते तर कोणासाठी? दिल्लीवर भगवा जरीपटका फडकला असता, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी मिळाले असते काय? पेशवाईत अस्पृश्यांवर काय निर्बंध होते, त्याचे वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या निबंधात केले आहे. राज्याच्या विजयात ज्यांचा वाटा नसतो, त्यांनी त्या राज्याच्या पराभवावर अश्रू ढाळावेत, ही अपेक्षा न्याय्य नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या फौजेतून लढलेल्या महार सैनिकांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

परंतु याच ठिकाणी आपल्याही एका लाडक्या जर-तरची परीक्षा घेतली पाहिजे. ‘इंग्रज आले नसते तर आपण अजून अंधारातच असतो’ हे वाक्य आपल्या वस्त्यांत सहज ऐकू येते. त्यात काही तथ्य आहे. लष्करी नोकरीने काही घरांत अक्षरओळख आणि स्वाभिमान आला, हे बाबासाहेबांच्या स्वतःच्या घराण्यावरून दिसते. पण नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत त्याच बाबासाहेबांनी इंग्रज सरकारचा लेखाजोखा मांडला. इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना विहीर, देऊळ, पोलीस आणि लष्कर यांपैकी काय बंद होते आणि इंग्रजांच्या इतक्या वर्षांनंतर काय उघडले, असा त्यांचा सवाल होता. लष्कराचे दारही एकदा उघडून नंतर महारांसाठी बंद झाले होते. उद्धार कोणत्याही साम्राज्याने केला नाही. मिळालेल्या फटीतून वाट काढली ती माणसांनी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढली, ती कोणत्या लढाईचा निकाल म्हणून नव्हे, तर तो एक निर्णय होता. विरोध, शिव्या आणि बहिष्कार समोर दिसत असताना घेतलेला.

जर-तरचा खरा उपयोग मला इथे दिसतो. हरलेली लढाई मनातल्या मनात जिंकून घेण्यासाठी तो वापरला, तर तो अफू ठरतो. अशा स्वप्नात आपली बाजू नेहमी जिंकते, शत्रू नेहमी तोच राहतो, आणि आजच्या शेजाऱ्यावर अडीचशे वर्षांपूर्वीचा राग काढायला निमित्त मिळते. पानिपतावर इब्राहीमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्यापायी प्राणास मुकला, ही गोष्ट त्या स्वप्नात बसत नाही म्हणून ती गाळली जाते. उलट, ‘त्या क्षणी कोणापुढे कोणता पर्याय होता आणि तो का नाकारला गेला’ असे विचारले, तर इतिहास आपल्याला आपल्याच निर्णयांकडे पाहायला शिकवतो.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत मी हे लिहितो आहे ते यासाठीच. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाला इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्यांची यादी वाटू नये आणि जुन्या अपमानांची वहीही वाटू नये. शिक्षकांनी पानिपतचा धडा शिकवताना फळ्यावर नकाशा काढावा, दिल्ली, बागपत, कुंजपुरा आणि पानिपत दाखवावे, रसदीची वाट आखावी आणि मग मुलांना विचारावे : नोव्हेंबर १७६० मध्ये तुम्ही छावणीत असता, तर काय सल्ला दिला असता? आणि छावणीतल्या कोणाचा सल्ला कोणी विचारलाच नसता? पहिल्या प्रश्नाने मुलगा विचार करायला शिकेल. दुसऱ्या प्रश्नाने त्याला कळेल की राज्ये हरतात त्याचे एक कारण हेही असते, की ज्यांना भूक सर्वांत आधी लागते त्यांचे मत सर्वांत शेवटी घेतले जाते, किंवा घेतलेच जात नाही.