बॅटरीच्या ड्रिलचा खरा कस

नाशकातल्या इंदिरानगरात नव्या फ्लॅटचं फर्निचर सुरू असलं की कारागिराच्या हातात हमखास बिनवायरीचं ड्रिल मशीन दिसतं. ‘कसं चालतं?’ असं विचारलं, तर उत्तर माणसागणिक बदलतं. सुतार खूश असतो. प्लायवूडमध्ये स्क्रू पिळायला 12 व्होल्टचं हलकं मशीनही त्याला पुरतं. इलेक्ट्रिशियन मात्र कुरकुरतो. विटांच्या भिंतीत होल पटकन पडतं, पण पडद्याच्या रॉडसाठी खिडकीवरच्या लिंटेलला बिट टेकवलं की मशीन नुसतं घरघरतं, भुगा पडेनासा होतो आणि बिटाचं टोक तापून निळं पडतं. दोघंही खरंच बोलतात. लिंटेल, बीम, कॉलम म्हणजे काँक्रीट. तिथे साध्या हॅमर ड्रिलचे बारीक ठोके अपुरे पडतात, हवेच्या दाबाने घाव घालणारं रोटरी हॅमरच लागतं. म्हणून ‘एक नंबर मशीन’ किंवा ‘पैसे पाण्यात’ अशा शेऱ्यांवर विसंबू नये. कशात, किती मिलिमीटरची आणि एका चार्जिंगवर किती होलं पडली, हे विचारावं. व्होल्टवरून जोराचा अंदाज येतो, अँपिअर-अवरवरून दमाचा. 18 व्होल्टच्या पॅकमध्ये साधारण 3.6 व्होल्टचे 5 लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ते थकले की चांगली मोटरही लुळी पडते. ब्लॅक अँड डेकरने 1961 साली पहिलं बिनवायरीचं ड्रिल आणलं, तेव्हापासून या अवजाराचं आयुष्य बॅटरीवरच अवलंबून आहे. तेव्हा जोडीची बॅटरी आणि दुरुस्ती नाशकातच मिळेल, याची खात्री करूनच पैसे मोजा.