औटघटकेच्या अणूचं वजन

"क्षणात मरणारा अणू तोलून मिळतं काय?" परवा पंगतीत भाचेजावई म्हणाले, सगळे हसले. मी साधा बी.ए., पण गप्प बसवेना.

जावईबापू, कॅल्शियम-५४ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात निम्मा उरतो, कबूल. तरी सर्नच्या आयसोलट्रॅप गटाने २०१३ मध्ये त्याला विद्युत आरशांमध्ये मागेपुढे पळवलं आणि लागलेल्या वेळेवरून त्याचं वस्तुमान काढलं. सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या बेरजेपेक्षा अणुकेंद्रक हलकं भरतं. ही तूट म्हणजेच त्याची बांधणी. कॅल्शियममध्ये ३२ न्यूट्रॉनांपुढे ती एकदम सैल पडते, म्हणजे तिथे कवच पुरं होतं. जुन्या यादीत २८ नंतर थेट ५०! ही चूक तोलल्यावाचून सापडली असती?

सोन्यात गुंजभर तूट आली तर सोनाराशी भांडणारे तुम्ही. ही तूट मात्र फुकाची?