पंचनाम्यानंतरची विचारपूस

मुदखेडच्या जंक्शनवरून रुळांच्या तीन वाटा निघतात. एक नांदेडकडे, दुसरी धर्माबादवरून निजामाबादकडे, तिसरी भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. नांदेड इथून पंचवीसेक किलोमीटर. शहराबाहेर विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, शहरात मनोविकारतज्ज्ञ आहेत. मुतखडा झाला, गुडघे धरले, मोतीबिंदू पिकला की आपण नांदेड गाठतो. तिथे जमले नाही तर उसनवारी करून हैदराबादही गाठतो. पण घरातला कर्ता माणूस महिनाभर झोपत नाही, ताटावरून उठून जातो, बैलांजवळ तासन्‌तास नुसता बसून राहतो, तेव्हा मात्र ही जवळची वाट आपल्याला दिसत नाही. आधी आपण म्हणतो, टेन्शन आहे, जाईल. मग नजर काढतो. मग घरातल्या बाया दबक्या आवाजात बाहेरच्या बाधेबद्दल बोलू लागतात आणि देवरुषी शोधला जातो. तिथेही उतार पडला नाही तर बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्यापर्यंत गाडी केली जाते. म्हणजे प्रवासाचा आपल्याला कंटाळा नाही. खर्चालाही आपण मागे हटत नाही. ‘डोक्याच्या दवाखान्या’ची पायरी चढताना आपल्याला कोणी पाहिले तर, एवढी एकच भीती माणसाच्या जिवापेक्षा आपण मोठी मानली आहे.

आपला समाज निष्ठुर आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. गावात मयत झाली की चूल पेटत नाही, शेजारी भाकरी घेऊन येतात. सावडण्यापासून तेरवीपर्यंत घर भरलेले असते. पाहुणे लांबून भेटायला येतात, फार काही बोलत नाहीत, नुसते बसतात. रडणाऱ्या बाईला कोणी गप्प कर म्हणत नाही. उलट म्हातारी बाई म्हणते, रडू द्या तिला, नाहीतर आत राहील. आत राहिलेले दुःख माणसाला खाते हे आपल्या आज्यांना कोणत्याही पुस्तकाविना कळत होते. मग प्रश्न असा पडतो, की हे सारे शहाणपण आपण मेलेल्याच्या वाट्यालाच का राखून ठेवले? जिवंत माणूस आतून खचत असताना त्याच्याजवळ बसायला कोणी जात नाही. तो स्वतः बोलू लागला तर आपण त्याला अडवतो. गडी माणसाने असे करू नये, मन घट्ट कर, तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले. ही वाक्ये आपण धीर म्हणून उच्चारतो. ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की इथे बोलायची सोय नाही. पुढे जे व्हायचे ते होते, आणि मग तेच लोक, त्यांत हे लिहिणाराही आला, अंगणात सतरंजीवर बसून म्हणतात, एकदा बोलायचे तरी होते.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर आपल्याकडे काय घडते ते शांतपणे पाहण्यासारखे आहे. पोलिसांचा पंचनामा होतो, तलाठी येतो, कागद तहसिलातून जिल्ह्याच्या समितीपुढे जातो. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, थकीत होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते आणि मरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर एक लाख रुपये: त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ज्याच्या नावावर जमीनच नाही असा शेतमजूर, दुसऱ्याचे रान बटईने करणारा, आयुष्यभर शेतात राबूनही सातबाऱ्यावर न चढलेली बाई, यांचे मरण या हिशेबात कुठे बसवायचे याची पंचाईत होते. आणि हे लोक बहुतेक कोणत्या वस्तीतले असतात ते सांगायला नको. मदत मिळायलाच हवी, ती अपुरीच आहे. दोष मदतीचा नाही. दोष हा, की माणूस जिवंत असताना त्याच्याकडे इतक्या बारकाईने बघणारे एकही टेबल आपण मांडले नाही, आणि मांडावे असे आपल्याला वाटलेही नाही. समितीने अपात्र म्हटले की गावही तोच शब्द उचलते. कर्ज नव्हते म्हणे, मग प्यायचा का, की घरातले काही होते? विधवेच्या दारात ही चर्चा तिला ऐकू जाईल अशा आवाजात चालते. शासनाची पात्रता निदान कागदावर थांबते. आपली तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत जाते.

सोयरिकीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत निर्दय उपचाराबद्दल बोलू. तरुण मुलगा स्वतःशी पुटपुटतो, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे त्याला वाटते, तो खोलीबाहेर येत नाही. घरात वडीलधाऱ्यांची बैठक बसते आणि निर्णय होतो: लग्न करून टाका, सुधारेल. दूरच्या गावची, गरीब घरची, शक्यतो बिनआईची मुलगी पाहिली जाते, म्हणजे विचारायला कोणी येणार नाही. मांडव पडतो, वाजंत्री वाजते. आपण सगळे जेवून येतो. माहीत असलेलेही जेवून येतात. सहा महिन्यांनी ती मुलगी मारहाणीने अर्धमेली माहेरी परतते तेव्हा तिलाच विचारले जाते, की तुला नवरा सांभाळता आला नाही का. एका आजारी माणसाचा उपचार चुकवण्यासाठी एका निरोगी माणसाला आपण औषध म्हणून वापरतो आणि वापरून टाकून देतो. तो मुलगाही सुटत नाही; ज्या वर्षांत गोळ्यांनी आणि समजूतदार देखरेखीने त्याला सावरता आले असते ती वर्षे निघून जातात. मुलीलाच असा त्रास असेल तर लग्नाआधी तो दडवायचा, लग्नानंतर उघडा पडला की तिला आणून सोडायचे. बाईच्या मनाला आपण कधी जागाच दिली नाही. जात्यावरच्या लाखभर ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जमा केल्या. आपण त्या ऐकून हळहळतो, केवढे हे काव्य म्हणतो. पण पहाटेच्या अंधारात बाया आपले दुःख जात्याला सांगत होत्या, कारण उजाडल्यावर माणसाला सांगायची मुभा नव्हती. गिरणी आली आणि तो दगडी श्रोताही गेला. आज तेच दुःख हातापायांच्या मुंग्या, छातीची धडधड आणि न थांबणारी डोकेदुखी होऊन दवाखान्यात येते, सलाईन लावून परत जाते.

मुलांबद्दल थोडेच. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे आणि नांदेडच्या शिकवण्यांना पोरे पाठवण्यासाठी आपण रान विकतो. विकलेल्या रानाचे ओझे त्या सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर रोज फोनवरून ठेवतो, आणि तो गप्प झाला की अभ्यासात बुडालाय असे समजतो.

देवरुष्याला शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण लोक त्याच्याकडे उगीच जात नाहीत. तो वेळ देतो. तो ऐकतो. दुखणे बाहेरून आले आहे असे सांगून तो घरातल्या माणसांना अपराधीपणातून सोडवतो. आपण नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर म्हणून जे द्यायला हवे होते ते तो पैसे घेऊन देतो, आणि त्या मोबदल्यात कधी उपास, कधी चटके, कधी साखळी. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसे जागच्या जागी जळाली. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांच्या घरचेच होते. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा आपल्याला सुखासुखी मिळाला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर तो वर्षानुवर्षे मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. इथेही आपल्याला जाग यायला प्रेतच लागले.

मग मनाचा उपचार म्हणजे नेमके काय? आपल्याकडे लोकांना वाटते, समुपदेशक म्हणजे गोड बोलून सल्ला देणारा. सल्ल्याची आपल्याकडे टंचाई कधीच नव्हती. तीव्र आजारात औषधे लागतातच, ती मधुमेहाच्या गोळ्यांइतकीच निमूट घ्यावी लागतात. पण दुःख, भीती, पश्चात्ताप, अपमान यांत अडकलेल्या माणसाबरोबर समुपदेशक जे काम करतो ते वेगळे आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात आणली, शिकवली, तिच्यासाठी आयुष्य वेचले. तिचा गाभा आपल्या मातीतल्या उदाहरणाने सांगता येतो. बँकेची नोटीस आली, ही घटना. ‘आता मी चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही’, हा त्या घटनेला माणसाने लावलेला अर्थ. जीव घेण्याइतके बळ बहुतेक वेळा घटनेपेक्षा त्या अर्थामध्ये असते. समुपदेशक धीराने, प्रश्न विचारत, त्या अर्थापर्यंत पोचतो आणि तो खरा आहे का हे त्या माणसालाच तपासायला लावतो: कर्ज फिटले नाही म्हणजे बाप म्हणूनही तू नापास झालास, हे कशावरून? काम हळूहळू होते, पण होते. मात्र इथे थांबून आपण स्वतःला विचारले पाहिजे, की तो अर्थ त्या माणसाला शिकवला कोणी? नोटीस बँकेची होती. तिचा अर्थ गावाने लावून दिला होता. पारावरच्या हसण्याने, लग्नातल्या मानपानाने, कोणाच्या बैठकीत कोणी कुठे बसायचे याच्या नियमाने आपण ऐपतीला माणसाच्या किमतीचे माप केले. समुपदेशक बंद खोलीत तासाभरात जे उपटू पाहतो ते आपण पिढ्यान्‌पिढ्या पेरत आलो आहोत.

दुसरी एक पद्धत याहून साधी आहे. खचलेला माणूस कामे सोडतो, भेटी टाळतो. टाळल्यामुळे आणखी खचतो. म्हणून त्याला मन प्रसन्न कर असे न सांगता एखादी लहान, अर्थपूर्ण कृती ठरवून करायला लावायची, पुढच्या भेटीत तिच्याबद्दल बोलायचे, मग पुढची. गोव्यात मनोविकारांचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांना तयार करून सहा ते आठ भेटींत हा उपचार दिला गेला आणि तीव्र नैराश्यातल्या रुग्णांनाही त्याचा गुण आला. २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून असेच काम केले. तिथे नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावतीची ती माणसे आपल्यासारखीच कापूस आणि सोयाबीन पिकवणारी, आपल्याइतकीच लोकलाजेला भिणारी. त्यांना जे जमले ते मुदखेड, भोकर, अर्धापूरला जमणार नाही असे म्हणायला आधार नाही.

कोणी म्हणेल, समुपदेशनाने सोयाबीनला भाव येत नाही. बरोबर आहे. २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली गेले, हा अन्याय कोणत्याही खोलीत बोलून मिटणार नाही. भावासाठी लढायचे आहे. परंतु लढायला माणूस जिवंत आणि शाबूत लागतो; आणि भावाचा लढा पुढे करून घरातल्या गप्प झालेल्या माणसाकडे पाठ फिरवणे ही सोयीची पळवाट आहे. शासनालाही या सबबीआड लपू देता कामा नये. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही आणि आपण त्यासाठी कधी रस्ता अडवला नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गेली, तेव्हा घरे पडतात तशी मनेही पडतात हे आपण डोळ्यांनी पाहिले होते. तरीही २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू व्हायला मध्ये बावीस वर्षे जावी लागली, आणि त्याचा बराचसा भार पुन्हा तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईंच्याच डोक्यावर आला.

कायदा आज आपल्या पुढे चालतो आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासनाच्या खर्चाने चालणारा मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे शासनावर बंधनकारक केले. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. हा क्रमांक रेशन दुकानावर, सोसायटीच्या फळ्यावर, कृषी केंद्राच्या दारावर लिहायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. तालुक्याच्या रुग्णालयात समुपदेशक हवा ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला हवी, जशी पाण्याची आणि रस्त्याची येते. आणि मागताना नुसता माणूस मागू नये, जागाही मागावी. जिथे इंजेक्शनच्या रांगेत भावकीतले चार जण उभे आहेत अशा व्हरांड्यात टेबल टाकून कोणाचे मन बोलते होत नसते. त्याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे; म्हणून खोली वेगळी हवी, तिला दार हवे, आणि आत कोण गेले होते हे संध्याकाळी पारावर विचारले गेले तर उत्तर न देण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.