खैरात नको, हक्क हवा

उर्दू वर्तमानपत्रांत एक ठरलेला शब्दप्रयोग असतो : 'बाइज्जत बरी'. म्हणजे सन्मानाने सुटका. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही जणांना निर्दोष ठरवले, तेव्हा हाच शब्द आमच्या मोहल्ल्यांतून फिरला. या बारांपैकी पाच जणांना 2015 मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली होती. त्या पाचांतला एक 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगातच वारला. त्याला 'बरी' केले गेले ते कबरीत. उरलेल्यांची एकोणीस वर्षे गेली. यात इज्जत कुठे आहे, असा आमचा साधा सवाल आहे.

तुरुंगाचे दार उघडले की सरकारचे काम संपते. आई गेलेली असते, मुले बापाला ओळखत नाहीत, वकिलाच्या फीपायी घर विकलेले असते. हे कोणी भरून द्यायचे? यावर आपल्या देशात कायदा नाही. आहे ती मर्जी.

आम्ही शाळेत मुलांना त्रैराशिक शिकवतो. तेच गणित इथे मांडून पाहू. बिहारचा रुदुल साह 1968 मध्ये निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला 1982 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये त्याला एकूण 35 हजार रुपये देवविले. चौदा वर्षांचे दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. दिल्लीचा मोहम्मद आमिर खान विशीत पकडला गेला आणि चौदा वर्षांनी, 2012 मध्ये बाहेर आला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगामुळे त्याला पाच लाख मिळाले. दिवसाला शंभरही नाहीत. 'इस्रो'चे शास्त्रज्ञ नंबी नारायणन हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली 50 दिवस कोठडीत होते. त्यांना 2018 मध्ये 50 लाख मिळाले. त्यांच्या अपमानापुढे ही रक्कमही थोडीच, त्याबद्दल आम्हाला जराही असूया नाही. परंतु एकाच देशात एका नागरिकाचा दिवस सात रुपयांचा आणि दुसऱ्याचा लाखाचा, हे गणित कोणत्या संविधानात बसते?

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा आहे असे कोणी समजू नये. आपल्याच महाराष्ट्रात, भोकरदनजवळच्या 2003 च्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा गरिबांना पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. जवळपास सोळा वर्षे गेली होती. दिवसाला पंच्याऐंशी रुपये झाले! तरीही त्यांना काही तरी मिळाले. अक्षरधाम खटल्यात 2014 मध्ये निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा 2016 मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. अशाने धोकादायक पायंडा पडेल, असे सांगितले गेले. हैदराबादच्या मक्का मशिदीतील 2007 च्या स्फोटानंतर पकडून पुढे सुटलेल्या तरुणांना आंध्र प्रदेश सरकारने आपणहून पैसे दिले होते. 2013 मध्ये उच्च न्यायालयाने तेही रद्द केले. कायद्याचा आधार नसला की सरकारची दानतसुद्धा टिकत नाही, ती अशी.

कायद्यात काय आहे म्हणाल, तर विनाकारण अटक झालेल्याला जास्तीत जास्त एक हजार रुपये! तेही सरकारने नव्हे, ज्याने ती अटक करायला लावली त्याने द्यायचे. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. इंग्रजांची गुलामगिरी पुसून टाकल्याचा डांगोरा पिटला गेला. हजाराचे मात्र एक हजार एक झाले नाहीत.

मार्ग ठाऊक नाही असेही नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात सगळे लिहून दिले आहे. अशा दाव्यांसाठी विशेष न्यायालये असावीत, पैशाबरोबर मानसिक उपचार आणि रोजगाराचे प्रशिक्षण मिळावे, खटल्यामुळे नोकरी व शिक्षणात येणारे अडथळे दूर व्हावेत. प्रत्येक सुटलेल्याला पैसे वाटा, असे आयोग म्हणत नाही. निर्दोष माणसावर खोटेपणाने, वाईट हेतूने खटला चालवला गेला असेल तर, असे तो म्हणतो. मग 'धोकादायक पायंडा' कोणता? खरा धोकादायक पायंडा हा, की खोटा पुरावा रचणाऱ्याला बढती मिळते आणि त्याला बळी पडलेल्याला बसभाडेही मिळत नाही.

स्फोटांत मेलेल्यांचे काय, असे आम्हाला विचारले जाते. जरूर विचारावे. लोकलमध्ये 180 हून अधिक माणसे गेली. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शबे-बरातच्या दिवशी, मालेगावात 30 हून अधिक गेली, ती आमचीच होती. त्यासाठी पकडलेले नऊ तरुणही आमचेच होते. 2016 मध्ये ते आरोपमुक्त झाले. चुकीचा माणूस पकडणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला सोडून देणे. मृतांचा आणि बेगुनाहांचा गुन्हेगार इथे एकच असतो.

आता थोडे आपल्या घरातले. सुटून आलेल्याला आपण हार घालतो, मशिदीबाहेर गळाभेट घेतो. महिनाभराने त्याला काम द्यायची वेळ आली की आपला दुकानदार 'पोलिसांचा त्रास नको' म्हणतो. त्याच्या मुलीचे स्थळ आपण टाळतो. भोकरदनच्या त्या सहा जणांसाठी आपल्या किती जलशांत ठराव झाला? हक्क मागायचा तर तो सर्वांसाठी मागावा लागतो. केवळ आपल्यापुरता मागितला की तो खैरात होतो.

अब्दुल वाहिद शेख हे आमच्यासारखेच शाळाशिक्षक. लोकल स्फोट खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात राहून 2015 मध्ये ते निर्दोष सुटले. 2025 मध्ये त्यांनी मानवाधिकार आयोगाकडे नऊ कोटींची मागणी केली. रक्कम ऐकून काही जण हसले असतील. आम्ही त्यांना म्हणतो, तुमच्या आयुष्यातल्या एका वर्षाचा भाव आधी सांगा.

फौजदारी प्रक्रिया हा केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय आहे. दिल्ली हलत नसेल तर महाराष्ट्राने कायदा करावा. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या राज्याला ते शोभेलही. पैशाने वर्षे परत येत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण भरपाई देताना सरकारला 'आमचे चुकले' असे लिहून द्यावे लागेल. 'बाइज्जत'मधली इज्जत त्या दोन शब्दांत आहे.